छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजातले पहिले सत्र: कोर्सनिवडीपासून अंतिम परीक्षेपर्यंत

दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर, मिडटर्मचे गुण हाती पडले की, अमेरिकेत नुकत्याच शिकायला गेलेल्या मुलांचे मला फोन येऊ लागतात. मुले हुशार असतात, बारावीला नव्वदच्या पुढे असतात. तरीही चारपैकी एखाद्या कोर्समध्ये गाडे रुतलेले असते. खोदून विचारले की लक्षात येते, चूक ऑक्टोबरमधली नाही. ती ऑगस्टमध्ये कोर्स निवडताना किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झालेली आहे. म्हणून खालील टप्पे ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने दिले आहेत. क्रम बदलला तर बरीचशी मेहनत वाया जाते.

येथे विचार केला आहे तो केवळ पदवीपर्यंतच्या शिक्षणावर भर देणाऱ्या, दीड ते अडीच हजार विद्यार्थ्यांच्या निवासी कॉलेजांचा: आयोवातले ग्रिनेल, ओहायोतले केन्यन, मिनेसोटातले मॅकॅलेस्टर, मॅसॅच्युसेट्समधले अ‍ॅमहर्स्ट आणि त्यांच्यासारखी इतर. मोठ्या विद्यापीठाचे नियम येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे सीनियर मित्रांचा सल्ला घेताना ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे टप्पे तिच्यावर उभे आहेत. आपल्याकडे वर्षभर काहीही झाले तरी शेवटच्या महिन्यात कंबर कसून अभ्यास करता येतो आणि विषय राहिलाच तर एटीकेटी असते. तेथे बऱ्याच कोर्समध्ये अंतिम परीक्षेचे वजन पाव हिश्श्याच्या आसपास असते. उरलेले गुण दर आठवड्याच्या गृहपाठांत, वर्गातल्या चर्चेत, लॅब रिपोर्टमध्ये आणि दोन-तीन पेपरांत, म्हणजे घरून लिहून द्यायच्या निबंधांत, विखुरलेले असतात. डिसेंबरमध्ये जागरण करून सप्टेंबरचे गुण परत मिळत नाहीत.

## टप्पा १: निघण्यापूर्वी कॅलेंडर आणि कॅटलॉग वाचणे

जून-जुलैमध्ये बहुतेकांचे सगळे लक्ष व्हिसा, बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या यांकडे असते. त्याच काळात दोन तास काढून कॉलेजच्या संकेतस्थळावरचे शैक्षणिक कॅलेंडर उतरवून घ्यावे. सत्र किती आठवड्यांचे आहे, हा पहिला प्रश्न. बहुतेक ठिकाणी साधारण १५ आठवड्यांची दोन सत्रे आणि प्रत्येक सत्रात चार कोर्स अशी रचना असते. पण कार्लटनमध्ये दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात आणि एका टर्ममध्ये साधारण तीनच कोर्स घेतात. कोलोरॅडो कॉलेजमध्ये तर एका वेळी एकच कोर्स, तोही साडेतीन आठवड्यांत संपणारा. तेथे दोन दिवस ताप आला तर इतरत्र जवळजवळ दोन आठवडे बुडाल्यासारखे होते. पुढे मी १५ आठवड्यांचे सत्र गृहीत धरले आहे.

कॅलेंडरमधून चार तारखा वहीत उतरवाव्यात: कोर्स घेण्या-सोडण्याची, म्हणजे अ‍ॅड-ड्रॉपची शेवटची तारीख, पास-फेल पर्याय (ग्रेडऐवजी फक्त पास किंवा नापास) निवडण्याची शेवटची तारीख, ती मुदत संपल्यावरही कोर्स सोडण्याची, म्हणजे विथड्रॉ होण्याची शेवटची तारीख, आणि अंतिम परीक्षेचा शेवटचा दिवस. हिवाळी सुट्टीचे विमानाचे तिकीट या चौथ्या तारखेनंतरचेच काढायचे. स्वस्त तिकिटासाठी तीन दिवस आधीचे बुकिंग करून मग प्राध्यापकांकडे परीक्षा अलीकडे घेण्याची विनंती करणारी मुले दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी त्यांना नकार मिळतो.

त्यानंतर कॅटलॉग, म्हणजे कोर्स आणि पदवीच्या अटींची पुस्तिका, वाचावा. पदवीसाठी काय सक्तीचे आहे ते प्रत्येक कॉलेजात वेगळे असते. ग्रिनेलमध्ये फर्स्ट-इयर ट्यूटोरिअल एवढाच सर्वांना सक्तीचा कोर्स आहे. अ‍ॅमहर्स्टमध्येही पहिल्या वर्षाच्या सेमिनारखेरीज सर्वांवर लादलेले काही नाही. पुढे मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, अटी काय त्या असतात. याउलट विल्यम्समध्ये भाषा-कला, सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान-गणित अशा तीन विभागांत प्रत्येकी तीन कोर्स करावे लागतात. तुमच्या कॉलेजची यादी काय आहे, हे तुम्हाला कोर्सनिवडीत सल्ला देणाऱ्या प्राध्यापकांच्या, म्हणजे अ‍ॅडव्हायझरच्या आधी माहीत असायला हवे.

गणित, रसायनशास्त्र आणि परकीय भाषा यांच्या प्लेसमेंट परीक्षा, म्हणजे कोणत्या पातळीच्या कोर्सपासून सुरुवात करायची ते ठरवणाऱ्या चाचण्या, सहसा उन्हाळ्यातच ऑनलाइन घेतल्या जातात. त्या कोणाचीही मदत न घेता द्याव्यात. बारावीला इंटिग्रेशन झालेले असते, हात सुटलेला असतो, म्हणून आपली मुले कॅल्क्युलसची प्लेसमेंट सहज पार करतात आणि थेट वरच्या कोर्समध्ये जाऊन बसतात. तेथे उत्तरापेक्षा कारणमीमांसा मागितली जाते, आणि सूत्र पाठ असलेला मुलगा ते सूत्र का लागू पडते हे लिहिताना अडखळतो. प्लेसमेंटने जी पायरी सांगितली तिच्या वर उडी मारू नये.

इशारा: नोंदणीची वेळ तिथल्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात आयोवा किंवा मिनेसोटात सकाळचे ७ वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. पूर्व किनाऱ्यावर हाच फरक साडेनऊ तासांचा होतो.

## टप्पा २: चार कोर्सची निवड

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

सर्वांत आधी साखळीचे कोर्स ओळखावेत. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि भाषा यांत एक कोर्स केल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, आणि छोट्या कॉलेजात साखळीतली पहिली कडी पुष्कळदा फक्त फॉल, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या, सत्रातच असते. जीवशास्त्राकडे किंवा वैद्यकीय शिक्षणाकडे जाण्याचा विचार आहे, पण पहिल्या फॉलमध्ये रसायनशास्त्र घेतले नाही, तर त्याची पुढची कडी असलेले ऑरगॅनिक रसायनशास्त्र एक वर्ष पुढे ढकलले जाते, आणि तिसऱ्या वर्षी परदेशी सत्राला, म्हणजे अमेरिकेबाहेर एखादे सत्र शिकायला, जाण्याची फट बुजून जाते. निर्णय झालेला नसला तरी ज्या दोन दिशांकडे मन ओढते त्यांतली किमान एक साखळी पहिल्याच सत्रात सुरू करावी.

छोट्या कॉलेजाची आणखी एक अडचण मोठ्या विद्यापीठातल्या मुलांना ठाऊक नसते. एखाद्या विभागात पाच-सहाच प्राध्यापक असतात. त्यांतले एक सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनाच्या दीर्घ रजेवर, गेले की त्यांचा विषय त्या वर्षी शिकवलाच जात नाही, आणि वरच्या पातळीचे काही कोर्स वर्षाआड येतात. मागच्या दोन-तीन वर्षांची वेळापत्रके रजिस्ट्रारच्या पानावर बहुधा मिळतात. ती पाहिली की कोणता कोर्स दरवर्षी असतो आणि कोणता नाही हे कळते.

दुसरा निकष कामाच्या जातीचा. एकाच सत्रात तीन वाचनप्रधान सेमिनार घेतले तर आठवड्याला चारशे-साडेचारशे पाने समोर येऊ शकतात. दोन लॅबचे विषय घेतले तर आठवड्यातल्या दोन दुपारी संपूर्ण जातात. पहिल्या सत्रासाठी मला पटणारी मांडणी अशी: पहिल्या वर्षाचा सक्तीचा सेमिनार, साखळीचा एक कोर्स, गणित किंवा भाषेसारखा रोज थोडे काम मागणारा एक कोर्स, आणि चौथा असा की ज्याचे नावसुद्धा तुम्ही शाळेत ऐकले नव्हते. मानववंशशास्त्र, मातीकाम, धर्मांचा अभ्यास, काहीही. चौथी जागा "सोपा वाटतो" म्हणून कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कोर्सने भरणारे पुष्कळ आहेत. एवढी फी भरून अशा कॉलेजात जायचे आणि तेथेही सायन्स साइडच्या चौकटीतच बसायचे, हे मला पटत नाही.

तिसरा निकष तासांचा आहे आणि तो गणित मांडूनच पाहावा. क्रेडिट म्हणजे कोर्सचे वजन मोजण्याचे एकक; त्याच्या सरकारी व्याख्येप्रमाणे वर्गातल्या प्रत्येक तासामागे वर्गाबाहेर किमान दोन तासांचे काम धरलेले असते. चार कोर्सचे वर्गातले तास १२ ते १४ धरले तर बाहेरचे २४ ते २८ होतात. त्यात लॅबचे ३ आणि कॅम्पसवरील नोकरीचे ८ मिळवले की आठवडा ५० तासांच्या आसपास जातो. पाचवा कोर्स घेण्याची हौस या बेरजेसमोर सहसा टिकत नाही. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, पण ती कायद्याची मर्यादा आहे. पहिल्या सत्रात ८ ते १० तास पुरेत.

तपासून घ्या: चार कोर्सबरोबर चार पर्यायी कोर्स निवडले आहेत का? त्यांच्या वेळा एकमेकांवर येत नाहीत ना? प्रत्येकाची प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी पूर्ण असावी लागणारी अट, तुमच्या नोंदीत पूर्ण दिसते का?

## टप्पा ३: अ‍ॅडव्हायझरची पहिली भेट

अ‍ॅडव्हायझरच्या मंजुरीशिवाय नोंदणी होत नाही अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. ग्रिनेलमध्ये ट्यूटोरिअल शिकवणारे प्राध्यापकच मेजर जाहीर होईपर्यंत अ‍ॅडव्हायझर असतात. भेट साधारण अर्ध्या तासाची असते. "मी काय घेऊ?" असे विचारत गेलात तर तो अर्धा तास तुमची आवड विचारण्यातच संपतो. चार अधिक चार कोर्सची यादी, पुढच्या चार सत्रांचा कच्चा आराखडा आणि तीन प्रश्न एका कागदावर लिहून न्यावेत. प्रश्न असे असावेत: हे दोन कोर्स एकत्र घेतल्यावर मुलांची ओढाताण होते का, या विभागातला अमुक कोर्स पुढच्या वर्षी आहे का, माझी प्लेसमेंट योग्य वाटते का.

अ‍ॅडव्हायझर सुचवतात, आज्ञा करत नाहीत. आपल्या मुलांना हे उमगायला वेळ लागतो. "बघ, तुला झेपेल असे वाटते का?" या वाक्याचा अर्थ पुष्कळदा "घेऊ नकोस" असा असतो.

पालकांसाठी एक वाक्य. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजातल्या विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद ही त्याची स्वतःची असते. मुलाचे गुण विचारायला पुण्याहून फोन केला तर कार्यालय नम्रपणे नकार देते, आणि त्यात अपमान काही नसतो.

## टप्पा ४: अ‍ॅड-ड्रॉपचे दिवस

सत्र सुरू झाल्यावरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स बदलता येतो आणि सोडलेल्या कोर्सचा कोठेही माग राहत नाही. या दिवसांचा उपयोग पाच किंवा सहा वर्गांना बसून पाहण्यासाठी करावा. हवा असलेला वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घालावे, प्राध्यापकांना थोडक्यात मेल करावा आणि पहिल्या तासाला हजर राहावे. वर्ग सोळा-अठरा जणांचा असतो. पहिल्या तासानंतर एक-दोन मुले गळतात आणि समोर बसलेल्याला जागा मिळण्याची शक्यता वाढते.

मेलबद्दल थोडे. "रिस्पेक्टेड सर" आणि "काइंडली डू द नीडफुल" हे दोन्ही घरी ठेवून जावे. "प्रोफेसर" आणि पुढे आडनाव, मग आपण कोण, कोणता कोर्स, काय हवे आणि का, एवढे चार-पाच वाक्यांत आले की पुरे. नुसत्या नावाने हाक मारायची की नाही हे ते स्वतः सांगतील. सांगेपर्यंत "प्रोफेसर" सोडू नये.

इशारा: ड्रॉप आणि विथड्रॉ या वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅड-ड्रॉपची मुदत संपल्यावर सोडलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, डब्ल्यू म्हणून कायम राहतो.

## टप्पा ५: चार सिलॅबस, एक तक्ता

आपल्याकडे सिलॅबस म्हणजे परीक्षेला येणाऱ्या धड्यांची यादी. तेथे तो प्राध्यापक आणि वर्ग यांच्यातला करार असतो: कशाला किती टक्के, किती गैरहजेऱ्या चालतात, उशिरा दिलेल्या कामाचे किती गुण कापले जातात, एआय वापरायचे की नाही आणि कितपत. चारही प्राध्यापकांचे नियम वेगळे असू शकतात. एकाच्या वर्गात मसुद्यासाठी चॅटजीपीटी चालते, दुसऱ्याच्या वर्गात तो शैक्षणिक अप्रामाणिकपणा ठरतो.

पहिल्या शनिवारी चारही सिलॅबस पुढे घेऊन एकच तक्ता करावा. डावीकडे १५ आठवडे, वर चार कोर्स, चौकोनात काम आणि त्याचे टक्के. हे काम तास-दीड तासाचे आहे आणि त्यातून जे दिसते ते वेगवेगळ्या सिलॅबसमध्ये दिसत नाही: सातव्या आठवड्यात दोन मिडटर्म, एक पेपर आणि एक लॅब रिपोर्ट एकत्र येतात, आणि पाचवा आठवडा मात्र जवळजवळ रिकामा असतो. तो पेपर पाचव्या आठवड्यातच सुरू करायचा.

याच तक्त्यात सणही लिहावेत. गणेश चतुर्थी सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच येते आणि दिवाळी मिडटर्मच्या आसपास. सुट्टी नसते. एखाद्या दिवशी वर्ग चुकणार असेल तर ते पहिल्या दोन आठवड्यांत प्राध्यापकांना कळवावे; आधी सांगितले तर ते बहुधा समजून घेतात, दुसऱ्या दिवशी सांगितले तर नाही.

तपासून घ्या: प्रत्येक कोर्समध्ये वर्गातल्या सहभागाला किती टक्के आहेत? दहाच्या वर असतील तर पुढचा टप्पा दोनदा वाचावा.

## टप्पा ६: वाचन आणि चर्चा

माझ्या पहिल्या सत्रात एका सेमिनारमध्ये सहभागाला १५ टक्के होते आणि मला त्यांतले ८ मिळाले. मी एकही तास चुकवला नव्हता. प्रत्येक ओळ वाचून जात होतो आणि लांबट टेबलाच्या कोपऱ्यात बसून चौदा जणांचे बोलणे मन लावून ऐकत होतो. मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये, बरोबर उत्तर येत असेल तरच हात वर करावा, हे आपल्या हाडीमांसी भिनलेले असते. त्या टेबलावर गप्प बसलेला मुलगा आदर दाखवतो आहे असे कोणालाही वाटत नाही. तो वाचून आला नसावा असे वाटते.

उपाय साधा आहे. वाचन संपल्यावर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: पटले नाही किंवा विचित्र वाटले असे एक वाक्य, त्याचा पान क्रमांक, आणि त्यावरचा एक प्रश्न. वर्गात पहिल्या पंधरा मिनिटांत तो प्रश्न विचारून टाकावा. उशीर झाला की चर्चा पुढे सरकते, आपला मुद्दा दुसरे कोणीतरी मांडते आणि मग तासभर संधीची वाट पाहण्यात जातो. प्रश्न फार खोल असण्याची गरज नाही. "पान ४२ वर लेखिका असे म्हणते, पण पान ५० वरचे उदाहरण त्याच्या उलट वाटते" एवढेही चर्चेला पुरते.

वाचन किती खोल करायचे हेही ठरवावे लागते. प्रत्येक अपरिचित शब्दाचा अर्थ शोधत साठ पाने वाचायला सहा तास लागतात आणि शेवटी सुरुवात विसरते. आधी प्रस्तावना आणि समारोप, मग प्रत्येक भागाचे पहिले आणि शेवटचे परिच्छेद, आणि त्यानंतर युक्तिवाद जेथे वळतो ती पाच-सात पाने शब्दशः. कादंबरी, कविता आणि मूळ तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांना मात्र ही युक्ती लावू नये. ते ओळीने आणि सावकाशच वाचावे लागतात.

विज्ञानाच्या कोर्समध्ये धोका वेगळा आहे. आपल्याकडे जर्नल सीनियरचे बघून उतरवण्याची रीत इतकी रुळलेली आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तेथे लॅब पार्टनरबरोबर निरीक्षणे एकत्र घेता येतात, पण विश्लेषण आणि मजकूर स्वतःचाच लागतो. गृहपाठ मिळून सोडवण्याची परवानगी असली तर लिहिताना वह्या मिटून लिहावे आणि सोबत कोण होते ते वर नमूद करावे. हॅव्हरफर्डसारख्या ठिकाणी ऑनर कोडच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी पाळायच्या प्रामाणिकपणाच्या नियमांच्या जोरावर अंतिम परीक्षेची वेळसुद्धा विद्यार्थी स्वतः ठरवतात आणि पर्यवेक्षकाशिवाय पेपर लिहितात. जेथे इतका विश्वास टाकलेला असतो तेथे तो मोडल्याची शिक्षाही तेवढीच कडक असते.

## टप्पा ७: ऑफिस अवर्स

दर आठवड्याला ठरलेल्या दोन-तीन तासांत प्राध्यापकांचे दार उघडे असते. अडचण आल्यावरच जायचे असते असा गैरसमज आहे. पहिल्या तीन आठवड्यांत चारही प्राध्यापकांना एकेकदा भेटून यावे, दहा मिनिटे पुरतात. पुढे जाताना सोबत काहीतरी हातात असावे: अडलेले गणित जेथवर सुटले तेथवर लिहिलेले, किंवा पेपरचा पहिला परिच्छेद. "मला काहीच कळले नाही" यावर त्यांना काही करता येत नाही. "या तिसऱ्या पायरीपर्यंत आलो, येथे चिन्ह का बदलले ते कळत नाही" यावर पाच मिनिटांत मार्ग निघतो.

गुण वाढवून मागण्यासाठी जाऊ नये. कोठे चुकले ते विचारायला जरूर जावे.

## टप्पा ८: पाच पानांचा पेपर, दहा दिवसांत

दुहेरी ओळींच्या अंतराने पाच पाने म्हणजे साधारण साडेबाराशे ते दीड हजार शब्द. एका रात्रीत एवढे टाइप होते, पण ते लिहिणे नव्हे. प्रश्नपत्रिकेतला "चर्चा करा" हा प्रश्न आपण माहितीने भरून काढतो. पेपरमध्ये मागतात तो दावा, म्हणजे थीसिस, ज्याला एखादा समंजस माणूस नाही म्हणू शकेल.

उदाहरण घरचेच घेऊ. समजा इतिहासाच्या कोर्समध्ये मुंबईच्या गिरणी संपावर लिहायचे आहे. पहिल्या मसुद्यात मुले लिहितात: "१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाचे मुंबईवर अनेक परिणाम झाले." यातले काहीही खोटे नाही, आणि म्हणूनच यावर पाच पाने लिहिण्यासारखे काही नाही. आता हे पाहावे: "संप फसण्याचे मोठे कारण नेतृत्वाच्या हट्टापेक्षा १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यात शोधले पाहिजे, कारण त्या कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनकडे, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे ठेवला आणि संपावर गेलेल्या कामगारांनी निवडलेल्या नेत्याला टेबलावर जागाच राहिली नाही." याला विरोध करता येतो. गिरण्या आधीच डबघाईला आल्या होत्या, असे कोणी म्हणेल, आणि त्याला उत्तर द्यावे लागेल. ते उत्तर देणे म्हणजेच पेपर.

दिवसांची वाटणी अशी ठेवावी. पहिले दोन दिवस प्रश्न नीट वाचून पुराव्याची उद्धरणे पान क्रमांकांसह उतरवण्यात घालवावेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दावा एका वाक्यात लिहून ऑफिस अवर्समध्ये दाखवावा. पाचव्या ते सातव्या दिवशी मसुदा. आठव्या दिवशी रायटिंग सेंटर. तेथील वेळ आठवडाभर आधी राखून ठेवावी, कारण मिडटर्मच्या सुमारास जागा मिळत नाही. रायटिंग सेंटरमध्ये बसलेली मुले तुमच्यासारखीच विद्यार्थी असतात. ती व्याकरण दुरुस्त करून देत नाहीत, युक्तिवाद कोठे तुटतो ते दाखवतात. नववा दिवस फेरलेखनाचा, दहावा संदर्भ तपासण्याचा. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी संदर्भ द्यावा लागतो. शाळेतल्या निबंधांत आपण कधीच देत नाही, म्हणून ही चूक अजाणतेपणी होते. चौकशी समितीपुढे अजाणतेपणाचे वजन फार पडत नाही.

इशारा: मुदतवाढ हवी असेल तर किमान दोन दिवस आधी मागावी. मुदत उलटून गेल्यावर डॉक्टरचे सर्टिफिकेट जोडायची आपली सवय तेथे संशयच निर्माण करते.

## टप्पा ९: मिडटर्मनंतरचा निर्णय

गुण हातात आले की आधी त्यांचा अर्थ लावावा. आपल्याकडे ७८ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. तेथे नेहमीच्या मोजपट्टीवर ते सी प्लसच्या घरात जाते. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, चारपैकी मोजतात. सारख्या क्रेडिटच्या चार कोर्समध्ये ए मायनस, बी प्लस, बी आणि सी मिळाले, तर ३.७, ३.३, ३.० आणि २.० यांची सरासरी ३.० येते. एक सी असूनही चित्र वाईट नाही. स्वार्थमोरसारख्या काही कॉलेजांत पहिल्या सत्रात सर्वांना केवळ क्रेडिट किंवा नो क्रेडिट एवढेच मिळते. रीडमध्ये विद्यार्थ्याने विचारल्याशिवाय सी आणि त्यावरच्या ग्रेड त्याला नेहमीच्या रीतीने कळवल्याही जात नाहीत.

एखादा कोर्स खरोखर हाताबाहेर गेला असेल तर विथड्रॉचा विचार करावा. ट्रान्सक्रिप्टवरचा एक डब्ल्यू पुढे फारसे कोणी विचारत नाही, एफ मात्र जीपीएमध्ये मुरून बसतो. पण एफ-१ विद्यार्थ्यासाठी येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. क्रेडिट तासांत मोजणाऱ्या कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात. चार-चार क्रेडिटच्या चार कोर्सपैकी एक सोडला तरी १२ उरतात. दोन सोडले तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. त्यामुळे आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला भेटायचे, मग प्राध्यापकांना, आणि सर्वांत शेवटी अर्ज भरायचा. इंग्रजी वाचनाची किंवा अमेरिकन अध्यापनपद्धतीची सुरुवातीची अडचण, अथवा चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये झालेली प्लेसमेंट, अशा कारणांसाठी कमी भार घेण्याची सवलत नियमात आहे. पण ती आधी मंजूर व्हावी लागते, तिच्यातही किमान निम्मा भार ठेवावा लागतो आणि पदवीच्या काळात या कारणांसाठी ती एकदाच मिळते.

तपासून घ्या: विथड्रॉचे बटण दाबण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी लेखी हातात आहे का?

## टप्पा १०: शेवटचे तीन आठवडे

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येते आणि त्यानंतर वर्गाचे जेमतेम दोन आठवडे उरतात. कॅम्पस त्या सुट्टीत रिकामे होते, भोजनगृहाच्या वेळा आखडतात. या चार-पाच दिवसांत शेवटच्या पेपरचा मसुदा पूर्ण केला तर परीक्षेचा आठवडा सुसह्य होतो. जागून झोप बुडवण्याची ईर्ष्या हॉस्टेलमध्ये असतेच. तिच्यात भाग घेऊ नये, एवढेच.

अंतिम परीक्षेसाठी अपेक्षित प्रश्नसंच नसतो. मिडटर्मचा तपासलेला पेपर, गृहपाठांवरचे शेरे आणि सिलॅबसमधली शीर्षके यांवरून स्वतः प्रश्न तयार करावेत आणि दोघा-तिघांनी मिळून तोंडी सोडवावेत.

घरी निघण्यापूर्वी एका फोल्डरमध्ये चारही सिलॅबस आणि शेऱ्यांसह तपासलेले सगळे पेपर ठेवावेत. दोन वर्षांनी उन्हाळी संशोधनासाठी किंवा परदेशी सत्रासाठी शिफारसपत्र मागायला याच प्राध्यापकांकडे जावे लागते, तेव्हा पहिल्या सत्रातला त्यांच्याच हस्ताक्षरातला शेरा असलेला पेपर सोबत जोडता येतो. कॉलेजच्या संगणक प्रणालीवरील कोर्सची पाने पुढे बंद होऊ शकतात, म्हणून हे काम विमानतळावर जाण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत लांबवू नये.